पाव फेरा

जोमाकाकांकडे पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला ते 'या, बसा' म्हणत नाहीत. 'उभा ऱ्हा' म्हणतात. बाई असली तर 'उभी ऱ्हा'. मग हातातलं काम खाली ठेवून अर्धं मिनिट त्या माणसाकडे नुसते बघत राहतात.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तुर्भे गावात, देवळामागच्या गल्लीत त्यांचं तीन मजली घर आहे. वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू, खाली एका खोलीत ते स्वतः आणि उरलेल्या जागेत गॅरेज. मी घाईघाईने रिक्षातून उतरले आणि दारातूनच सुरुवात केली, "काका, मी खारघरहून आलेय, आमच्या बाबांची एक जुनी मोटरसायकल—"

"बोलू नको. उभी ऱ्हा."

मी उभी राहिले. पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मोबाईलमध्ये किती वाजले ते पाहिलं. घाम पुसला. पुन्हा मोबाईल पाहिला. समोर सत्तरीच्या आसपासचा एक काळासावळा, काटकुळा गृहस्थ मान किंचित वाकडी करून मला न्याहाळत होता. लांडी विजार, अंगात बाह्यांचं बनियन आणि कानामागे पेन्सिल असावी तसा एक बारीक स्क्रूड्रायव्हर.

"थोडी रिच हायस," ते म्हणाले.

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. मला आजवर कुणी रिच म्हटलेलं नव्हतं.

"पेट्रोल जास्त, हवा कमी," त्यांनी खुलासा केला. "धापा टाकतस. एकाच टायमाला चार कामां डोक्यान. जरा श्वास घेत जा. बस आता. पानी पी."

मी निमूटपणे बसले आणि पाणी प्यायले. राग येण्याआधीच बरं वाटलं, त्यामुळे रागवायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून मी त्यांच्याकडे येणाऱ्या कितीतरी लोकांना असं उभं राहताना पाहिलंय. पुण्या-नाशिकहून जुन्या गाड्या टेम्पोत घालून आणणारे हौशी लोक, बँकेचे मॅनेजर, एक डोळ्यांचे डॉक्टर. सगळे तिथे शाळेतल्या पोरांसारखे उभे राहतात. कुणी पाय हलवतो, कुणी किल्ल्या वाजवतो. काकांचं म्हणणं एकच: "पलताना कोनीपन चांगलाच दिसतो. उभा ऱ्हाऊन दाखव."

हे तत्त्वज्ञान आलं इंजिनांवरून. गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, अ‍ॅक्सिलरेटरला कुणाचा हात नाही, तेव्हा ती जी संथ धडधड चालते तिला आयडलिंग म्हणतात. साध्या गाडीत ते कुणीही लावून देतं. पण शर्यतीसाठी आतून कोरलेलं, मोठा कार्ब्युरेटर बसवलेलं इंजिन असलं की त्याला हळू जगताच येत नाही. जोरात पळवलं की गातं, सिग्नलला उभं केलं की दोन आचके देऊन मरतं. असं इंजिन उभ्या उभ्या शांत ठेवायचं म्हणजे कार्ब्युरेटरच्या दोन बारीक स्क्रूंशी बोलणी करावी लागतात. एक स्क्रू इंजिन किती वेगाने चालावं ते ठरवतो, दुसरा त्याच्या घासात पेट्रोल किती आणि हवा किती ते. तीस वर्षं इथल्याच एका कारखान्यात मेंटेनन्सला होते तेव्हापासून जोमाकाका ही बोलणी करत आलेत.

आणि ती बोलणी चालू असताना त्यांना आजूबाजूला आवाज चालत नाही. स्क्रूला हात घालण्यापूर्वी ते गल्लीत उभे राहून वर ओरडतात, "ए वहिनी, मिक्सर बंद!" दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरीण बाई निमूट चटणी अर्धवट ठेवतात. समोरचा इस्त्रीवाला रेडिओ बंद करतो. गल्लीत शिरणाऱ्या भाजीवाल्याला हातानेच थांबवलं जातं. एकदा तर वरातीचा बेंजो थांबवला होता म्हणे. नवरदेव घोड्यावर, वऱ्हाड घामाघूम, आणि काका गॅरेजच्या दारात बोट ओठांवर ठेवून उभे. "पाच मिंटं. ही बोलतेय." पाच मिनिटांनी आतून एक तृप्त धडधड ऐकू आली, काकांनी हात हलवला आणि वरात पुढे निघाली.

पुतणीला बघायला आलेला एक मुलगा त्यांनी असाच नापास केला होता. शिकलेला, नोकरीवाला, पनवेलला स्वतःचा फ्लॅट. घरातल्या सगळ्यांना पसंत. मुलगा पोहे खात असताना काका त्याच्या गुडघ्याकडे बघत होते. गुडघा सारखा थडथड हलत होता. "मुलगा चांगला हाय," पाहुणे गेल्यावर त्यांनी निकाल दिला, "पन आयडलिंग नाय." पुतणीने तरीही त्याच्याशीच लग्न केलं, संसार उत्तम चाललाय. पण अजूनही तो जावई काकांसमोर बसला की दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरतो.

आता आमच्या गाडीबद्दल.

माझे बाबा फिटर होते, आणि तरुणपणी हौस म्हणून शर्यतीत गाडी पळवायचे. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या, ओसाड धावपट्टीवर दहा-बारा वेडे जमायचे, त्यातले एक. त्यासाठी त्यांनी आपल्या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं इंजिन स्वतः कानशीने घासून कोरलं होतं. लग्नानंतर आईने शर्यती बंद केल्या, पण गाडी तशीच राहिली. आई गेली, आम्ही दोघं खारघरला नव्या बिल्डिंगमध्ये आलो, तरी ती बरोबर आली. बाबा रोज सकाळी खाली जाऊन तिला पुसायचे.

गेल्या वर्षी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय थोडा परत आला, हात आला नाही. आणि भाषा गेली. म्हणजे सगळी गेली नाही, एकच शब्द शिल्लक राहिला: 'बरोबर'. भूक लागली का? बरोबर. दुखतंय का? बरोबर. पंखा बंद करू का? बरोबर, आणि चेहरा असा की नेमकं उलट हवंय. डॉक्टर म्हणाले, असं होतं. त्यांना सगळं कळतंय, फक्त बाहेर पडताना तोच शब्द येतो.

फिजिओथेरपीवाल्या बाई आठवड्यातून तीनदा यायच्या. रबरी चेंडू उजव्या हातात द्यायच्या. बाबा तो डाव्या हाताने काढून खिडकीत ठेवायचे. मणी ओवायला दिले, ताट लोटून दिलं. एक आयुष्यभर कानस चालवलेला माणूस, त्याला मणी ओवायला लावायचे, यातलं काही मला तेव्हा सुचलं नाही. मी चिडायचे. मग रडायचे. मग कॉलेजला जायचे. दिवसभर त्यांच्याजवळ शोभाताई असायच्या, बाबांचं सगळं करणाऱ्या. त्या म्हणायच्या, "मॅडम, ते हट्टी नाहीत, ते कंटाळलेत." पण मला फरक कळत नव्हता.

अशात सोसायटीची नोटीस लागली, पार्किंगमधल्या बंद गाड्या हलवा. मी गाडी विकायचं ठरवलं. बाबांना विचारलं, ते म्हणाले बरोबर. खांदेश्वरचा एक माणूस घ्यायला तयार झाला, पण म्हणाला, एकदा चालू करून दाखवा. कुणीतरी जोमाकाकांचं नाव सांगितलं. तर असं ते प्रकरण.

रविवारी सकाळी ते मोपेडवर आले, हँडलला कापडी पिशवी. गाडीभोवती एक फेरी मारली. टाकीवर हात ठेवला. पिशवी काही उघडली नाही.

"मालक कुठं हाय?"

"मीच. म्हणजे गाडी आता माझ्या—"

"तू नाय. हिला घेऊन जो पलला तो."

मी सांगितलं काय झालं ते. ते म्हणाले, "मंग खाली आन त्याला."

"काका, ते खाली येत नाहीत. हॉस्पिटलव्यतिरिक्त वर्षात—"

"त्याच्या गाडीला हात लावायचा तर त्याच्यासमोर लावंन. नायतर हा चाललो."

मी आणि शोभाताईंनी बाबांना व्हीलचेअरवर बसवून खाली आणलं. बाबांचा चेहरा दगडासारखा. मला वाटलं, आता काका त्यांनाही न्याहाळून काहीतरी निदान ठोकणार, आणि मी मनातल्या मनात भांडायच्या तयारीत राहिले. त्यांनी पाहिलं खरं, चांगलं मिनिटभर पाहिलं, पण बोलले काहीच नाहीत. व्हीलचेअर ढकलत गाडीच्या अगदी जवळ आणली, ब्रेक लावला आणि स्वतः खाली फतकल मारून बसले.

मग दीड तास मी जे पाहिलं ते एखाद्या ऑपरेशनसारखं होतं. कार्ब्युरेटर सुटून कागदावर आला. आत पेट्रोल सुकून लाखेसारखं झालेलं. त्यातली सुईच्या नेढ्याएवढी भोकं काकांनी साफ केली आणि एकेक उजेडाकडे धरून बाबांना दाखवली. "बग भाऊ, आरपार दिसतंय?" बाबा म्हणाले, बरोबर. सगळं परत जोडलं. नवं पेट्रोल. नवव्या किकला गाडी खोकली, विसाव्या किकला पांढऱ्या धुराचा लोट सोडून उठली. पार्किंगमधली मांजरं पळाली. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी "कोण आहे रे?" म्हणून ओरडलं.

"आता लावा ना ते आयडलिंग," मी म्हटलं.

"थंड इंजिनाशी बोलायचं नाय. ते झोपेतून उठल्यावानी कायपन सांगतं. गरम होऊ दे."

दहा मिनिटं आम्ही सगळे इंजिन गरम व्हायची वाट बघत बसलो. मग काकांनी कानामागचा स्क्रूड्रायव्हर काढला. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड फेरा उघडला. इंजिन चढलं, घसरलं, पुन्हा चढलं.

"भाऊ, अजून पाव फेरा?"

"बरोबर."

"का मागं घेऊ?"

"बरोबर."

मला हसावं की रडावं कळेना. "काका, ते सगळ्यालाच बरोबर म्हणतात."

"तू फिजिक्स शिकवतस ना? मंग गप बस."

ते स्क्रू केसाएवढा फिरवायचे, थांबायचे, बाबांच्या तोंडाकडे बघायचे. स्क्रूकडे नाही, बाबांकडे. इंजिन कधी धापा टाकत होतं, कधी अडखळत होतं. आणि एका क्षणी बाबांचा डावा हात मांडीवरून वर उठला. थांब. काकांचा हात जागच्या जागी थांबला. धडधड संथ झाली, सारखी झाली. टप, टप, टप, टप, एकही ठोका न चुकता. बाबांचे डोळे मिटलेले होते.

"कान जिवंत हाय," जोमाकाका हळूच म्हणाले.

खांदेश्वरच्या माणसाला मी त्याच संध्याकाळी नाही म्हणून कळवलं.

काकांनी मला किक मारायला शिकवली आणि दर शनिवारी दहा मिनिटं गाडी चालू ठेवायचा नियम घालून दिला, नाहीतर आत परत गोंद होईल म्हणून. पहिल्या शनिवारी मी तीस किक मारल्या. गाडी चालू झाली, वेड्यासारखी किंचाळली आणि मेली. मी फोन केला. काका रविवारी हजर. स्क्रूवर वाकून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "हां. बिघडलीय. जुनी हाय ना." शोभाताईंनी बाबांना खाली आणलं. परत तेच, पाव फेरा भाऊ? बरोबर. डावा हात वर, गाडी शांत.

पुढच्या शनिवारी पुन्हा बिघाड. त्याच्या पुढच्याही. रविवारी काका यायचे, तासभर खाली, मग वर येऊन चहा-पोहे, मग बाबांशी गप्पा. गप्पा म्हणजे काका बोलायचे. कारखान्यातला फोरमन, खाडीतली मासळी, पूर्वी तुर्भ्यात कुठे कुठे भातशेती होती ते, चार वर्षांपूर्वी गेलेली त्यांची बायको सुमन, तिच्या हातचा वाकट्यांचा, म्हणजे पट्टीसारख्या लांब माशांचा, रस्सा. बाबा बरोबर म्हणायचे, अगदी योग्य जागी म्हणायचे. "तुझा बाप आयकतो तसा कोन आयकत नाय," काका मला सांगायचे. "वरचे भाडेकरी चांगले हायेत, पन त्यांना घाई असते."

मला मात्र त्या गाडीने पछाडलं. मी वहीच केली. तापमान, हवेतला दमटपणा, पेट्रोल कुठल्या दिवशी भरलं. मग माझा सिद्धांत तयार झाला: समोरून मेट्रो जाते, तिच्या कंपनांनी पार्किंगच्या जमिनीत थरथर होते आणि त्याने स्क्रू हळूहळू फिरतो. मी काकांना आकृती काढून समजावलं. त्यांनी फार गंभीरपणे ऐकून घेतलं.

"मेट्रो," ते म्हणाले. "हां. असंल असंल."

दहा-बारा आठवडे झाले असतील. मी एका दुपारी आमच्या सेक्टरमधल्या गॅरेजवाल्याला बोलावून गाडी दाखवली. त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, या स्क्रूखाली स्प्रिंग आहे. घट्ट आहे एकदम. असा आपोआप नाय फिरत. कोणीतरी फिरवतंय."

कोण फिरवणार? मला एकच नाव सुचलं, आणि ते सुचल्यावर फार वाईट वाटलं. एकटा म्हातारा माणूस, रविवारचा चहा, ऐकणारं कुणीतरी. जाताना मुद्दाम स्क्रू किंचित सैल सोडत असतील. वाईट वाटलं तरी रागही आला, कारण मी दर शनिवारी किक मारून मारून पोटरी सुजवून घेत होते. तशीच तुर्भ्याला गेले.

दारात उभी राहिले. या वेळी त्यांनी उभं राहायला सांगितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून स्वतःच उठले.

"काका, खरं सांगा. स्क्रू तुम्ही सैल ठेवून जाता का?"

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. कुणी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला असता तरी इतकं लागलं नसतं. ते आत गेले आणि एक काडेपेटी घेऊन आले. उघडली. आत एक छोटा पितळी स्क्रू.

"तुझ्या गाडीचा हाय. तिसऱ्या आठवड्याला मी बदलला. का बदलला, बग."

मी उजेडात धरून पाहिला. त्याच्या डोक्यावरची खाच पार झिजून गेलेली. आजूबाजूला असंख्य ओरखडे, वेडेवाकडे, एकावर एक.

"स्क्रूड्रायव्हर घसरलाय," ते म्हणाले. "एक डाव नाय, शंभर डाव. कार्ब्युरेटरच्या अंगावर पन खुना हायेत, तू बगितल्याच नाय. पयल्या आठवड्याला स्क्रू दोन फेरे फिरलेला, कसाबसा, जोर लावून. मंग फेरा, सवा फेरा. मंग अर्धा. आता महिनाभर बगतंय, पाव फेरा. नेमका पाव. आनि नव्या स्क्रूवर एक ओरखडा नाय."

मला कळत होतं आणि कळत नव्हतं.

"डाव्या हाताने केला असता," जोमाकाका म्हणाले, "तर पयल्याच दिवशी नीट फिरला असता."

मी त्यांच्या गॅरेजमधल्या स्टुलावर बसले. वर मिक्सर चालू होता, तो त्यांनी आज बंद करायला सांगितला नाही.

"तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हापासून शोभाताई संध्याकाळी बाबांना हवेला खाली नेतात," मी म्हटलं. "म्हणजे शोभाताईंना हे—"

"त्यांनाच ठाव असंल. तुझ्या आयची शिवन मशीन बगितलीय मी वर, तिचा बारका स्क्रूड्रायव्हर नायसा झालाय का, बग घरी."

"तुम्हाला पहिल्या रविवारपासून माहीत होतं? मग मला का नाही सांगितलं?"

"तू त्याला शाबासकी दिली असतीस. टाल्या वाजवल्या असत्यास. त्या व्यायामवाल्या डाक्टरनीला सांगितलं असतंस. मंग त्याने फिरवला असता? ते त्याचं काम हाय. चोरून हाय म्हनून त्याचं हाय."

मला राहवेना. "पण काका, तुम्हाला तर अडखळणारं इंजिन ऐकवत नाही. वरात थांबवता. आणि दर रविवारी येऊन खोटंखोटं, जुनी आहे, मेट्रो असेल—"

ते फडक्याने हात पुसायला लागले. हात स्वच्छच होते.

"आयतवारी मना तरी कुठं जायाचं असतं," ते म्हणाले.

घरी येऊन मी आईच्या मशीनचा खण उघडला. स्क्रूड्रायव्हर नव्हता. खण बंद केला. शोभाताई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. "मॅडम," त्या म्हणाल्या, "मी फक्त ब्रेक लावून देते. हात लावू देत नाहीत ते." एवढं बोलून त्या भाकऱ्या करायला वळल्या.

मी कुणालाच काही बोलले नाही. संध्याकाळी साडेपाच ते सहा या वेळात पार्किंगमध्ये जायचं मी टाळायला लागले. जेवताना बाबांचा उजवा हात ताटाच्या कडेवर येऊन थांबतो, हे मला दिसायचं आणि मी भाजीबद्दल बोलायचे. शनिवारी किक मारायची, गाडी किंचाळून मरायची, आणि मी मोठ्याने म्हणायचे, "काय बाई ही गाडी!" फिजिक्सची वही मी कपाटात वर ठेवून दिली.

असे आणखी काही आठवडे गेले. मग एका शनिवारी मी किक मारली आणि गाडी तिसऱ्या किकला चालू झाली. चालू झाली आणि चालूच राहिली. अगदी गेल्या रविवारी काका लावून गेले तशी, शांत. मला आधी आनंदच झाला, पोटरी वाचली याचा; बाकी काही डोक्यात आलंच नाही. मी रविवारी सकाळी फोन केला.

"काका, आज नाही आलात तरी चालेल. या आठवड्यात काहीच बिघडलेलं नाही."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"भाऊ कसा हाय?"

"बरे आहेत. सोमवारपासून जरा सर्दी-ताप आहे, खाली नेलं नाही. डॉक्टर म्हणाले, काही विशेष—"

फोन बंद झाला होता.

पाऊण तासात दाराची बेल वाजली. काका दारात. पिशवी नाही, कानामागे स्क्रूड्रायव्हर नाही, शर्टाची बटणं एक सोडून एक लागलेली. दम लागलेला. लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती म्हणून नऊ मजले चढून आले होते. मला काही न विचारता सरळ आत गेले.

बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते, गळ्याला मफलर. त्यांनी काकांकडे पाहिलं. मग त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. आणि माझ्या बाबांचा चेहरा उतरला. पिशवी नाही म्हणजे गाडी बिघडलेली नाही, गाडी बिघडलेली नाही म्हणजे हा माणूस आता कशाला येईल, हे सगळं मला त्यांच्या तोंडावर स्पष्ट वाचता आलं. बहुतेक काकांनाही.

"गाडी एकदम चांगली हाय," काका म्हणाले. श्वास अजून जागेवर आला नव्हता. "कायपन काम नाय. मी आपला तुला भेटाया आलो."

बाबांनी पाय थोडे आत ओढले. डावा पाय आपोआप गेला. उजवा जागीच राहिला, तेव्हा त्यांनी उजव्याच हाताने पांघरुणाची घडी बाजूला सारली, हळूहळू, आणि पलंगाच्या कडेला माणूस टेकेल एवढी जागा केली. मी चहा टाकायला आत गेले, कारण तिथे थांबले असते तर टाळ्या वाजवल्या असत्या.

चहा झाला. मासळीच्या गप्पा झाल्या. काकांनी बाबांच्या कपाळाला हात लावून ताप उतरल्याची खात्री करून घेतली, आणि मग जायला निघाले. मी दारापर्यंत सोडायला आले. त्यांनी चपला घातल्या, एकदा काढून पायांत अदलाबदल केली, कारण उलट्या घातल्या होत्या. तरी ते जाईनात. माझ्याकडे न बघता, पायपुसण्याकडे बघत म्हणाले, "पुढच्या आयतवारी… म्हंजे गाडी नायच बिघडली समज… तरी येऊ ना?"

"जेवायलाच या," मी म्हटलं. "बाजारातून वाकट्या तुम्हीच आणा. रस्सा कसा करायचा ते बाबांना आणि मला दोघांनाही नीट कळलेलं नाही."

"बोंबलाचा पन करून बगू," ते म्हणाले. एवढंच.

मान हलवत ते लिफ्टपाशी गेले. मी दार लावून घेतलं. बाबांची औषधं दिली, कप विसळले, कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला पुन्हा दार उघडलं, तर जोमाकाका अजून तिथेच, लिफ्टच्या बंद दारासमोर उभे. बटण दाबायचंच विसरले होते. मी आवाज न करता दार लोटलं, आणि पिशवी आतच ठेवली.